दुकान सरकारचं, कोठडीही सरकारची

चेन्नईत दुपारी बारा वाजता टास्मॅकची दारूची दुकानं उघडतात. टास्मॅक म्हणजे तामिळनाडू राज्य पणन महामंडळ. १९८३ मध्ये घाऊक दारूविक्रीसाठी ते स्थापन झालं आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हातात आहे. एकवीस वर्षं पूर्ण झालेला कोणीही तिथे पैसे मोजतो, बाटली घेतो आणि घरी जातो. या व्यवहारातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला चाळीस हजार कोटी रुपयांहून जास्त महसूल येतो. त्याच रस्त्यावर दुसऱ्या कोणाच्या खिशात दहा ग्रॅम गांजाची पुडी सापडली, तर त्याच्यावर गुन्हा नोंदवला जातो आणि शिक्षा एक वर्षाच्या सश्रम कारावासापर्यंत जाऊ शकते. तिसरा एखादा त्याच झाडाची पानं वाटून केलेली भांग पीत असेल, तर अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. राज्याचा एखादा परवान्याचा नियम असेल, तेवढाच त्याला लागू होतो.

नशा करणारी माणसं तीन आणि सरकारची उत्तरं तीन. कोणत्या पदार्थाने शरीराचं जास्त नुकसान होतं, या कसोटीवर हा फरक ठरलेला नाही. तसं असतं तर दारूचं स्थान बंदीच्या यादीत फार वरचं असतं. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आहेत, भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस ओढणारे सुमारे १ कोटी ३० लाख. फरक ठरला तो इतिहासाने. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भांग, गांजा आणि चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या, सात खंडांचा अहवाल दिला आणि सरसकट बंदीऐवजी कर व नियंत्रण सुचवलं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदीची दिशा पक्की केली. त्या करारात नुसत्या पानांना व्याख्येबाहेर ठेवलं गेलं, म्हणून भांग वाचली. पुढे १९८५ मध्ये भारताने या कराराला धरून स्वतःचा कडक कायदा केला.

हा कायदा आता पुन्हा चर्चेत आहे. विकणाऱ्याचं सोडा, पण जो फक्त सेवन करतो, त्याला गुन्हेगार मानावं का, हा प्रश्न आहे. मानू नये, असं माझं उत्तर आहे. पण त्याला एक अट जोडलेली आहे. गुन्हा काढून घेण्याआधी किंवा निदान त्याच्याबरोबर उपचार उभे राहिले पाहिजेत. उत्तराचे हे दोन्ही भाग कसे येतात, ते चेन्नईच्या गेल्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून चांगलं उलगडतं.

कायद्याची चाळण

अमली पदार्थांविषयीचा कायदा, ज्याला सगळेजण एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आहे. २००१ च्या दुरुस्तीने त्यात वजनाच्या पायऱ्या आल्या: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंच्या मधलं. गांजाची अल्प मर्यादा एक किलो आणि व्यापारी मर्यादा वीस किलो. चरसची १०० ग्रॅम आणि एक किलो. हेरॉइनची पाच ग्रॅम आणि २५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षं. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीनही जवळजवळ अशक्य, कारण आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, याची न्यायालयाला आधीच खात्री पटावी लागते. याखेरीज नुसत्या सेवनासाठी कलम २७ वेगळं आहे. हेरॉइन, मॉर्फिन, कोकेन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद, इतर पदार्थांच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत.

पीठ चाळताना कोंडा वर राहावा आणि पीठ खाली पडावं, अशी आपली अपेक्षा असते. कायद्याच्या या पायऱ्याही तशाच चाळणीसारख्या आहेत: मोठा व्यापारी वर अडकावा, किरकोळ सेवन करणारा सौम्य शिक्षेवर खाली निघून जावा. प्रत्यक्षात मात्र चाळणीत पीठच अडकून राहतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली या कायद्याखाली देशभर एक लाखाहून जास्त गुन्हे नोंदले गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक स्वतःच्या वापरासाठी पदार्थ जवळ बाळगल्याचे होते. ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतले गांजाचे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. त्यांतले जवळपास सगळे सेवनाचे होते. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केला होता, आणि त्यांत मोठा भरणा रोजंदारी करणाऱ्यांचा आणि झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणाऱ्यांचा होता.

असं का होतं, हे समजणं अवघड नाही. सेवन करणारा रस्त्यावर, पुलाखाली, मैदानाच्या कोपऱ्यात उघड दिसतो. एक पुडी, दोन पंच, एक पंचनामा, आणि दुसऱ्या दिवशी आरोपी कबुली देऊन दंड भरतो. पोलिसांच्या तक्त्यात एक गुन्हा उकलला जातो. व्यापाऱ्याला पकडायचं तर महिनोन्‌महिने माहिती काढावी लागते, पैशाचा माग काढावा लागतो, झडतीच्या प्रत्येक पायरीवर कायद्याने सांगितलेली लेखी नोंद आणि साक्षीदार सांभाळावे लागतात. तिथे एक चूक झाली की न्यायालयात खटला कोसळतो. ‘तूफान सिंग विरुद्ध तामिळनाडू राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला की या कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. कबुलीवर उभी राहणारी प्रकरणं त्यामुळे लंगडी झाली आणि खरा तपास करण्याची गरज आणखी वाढली. मेहनत वाढते तिथे माणसं सोप्या कामाकडे वळतात. पोलीस त्याला अपवाद नाहीत.

चाळणीत आणखी एक गोष्ट आडवी येते. ‘हीरा सिंग’ खटल्यात २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वजन मोजताना शुद्ध अमली पदार्थ वेगळा काढायचा नाही, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. रस्त्यावर मिळणाऱ्या ब्राऊन शुगरमध्ये हेरॉइनपेक्षा इतर भुकटीच जास्त असते. सहा ग्रॅमच्या पुडीत शुद्ध हेरॉइन एक ग्रॅम असलं, तरी ती पाच ग्रॅमची मर्यादा ओलांडते, आणि शिक्षेची कमाल एक वर्षावरून दहा वर्षांवर जाते. म्हणजे विकणारा जितकी जास्त भेसळ करील, तितका घेणारा मोठा गुन्हेगार ठरतो.

कायद्याने उपचाराचा विचार केलाच नाही, असं मात्र नाही. कलम ६४अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. कलम ३९ न्यायालयाला मुभा देतं की दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवावं. पण या दोन्ही सवलतींकडे जाणारी वाट पोलीस ठाण्यातून जाते. आधी आरोप व्हायला हवा, मग आपण व्यसनी असल्याचं दाखवायला हवं, मग वकिलाला हे कलम आठवायला हवं. पंजाबातल्या विशेष न्यायालयांतल्या २०१३ ते २०१५ या काळातल्या तेरा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यासही ‘विधी सेंटर’ने केला होता. न्यायालयाने व्यसनी आरोपीला उपचाराकडे वळवल्याचं एकही उदाहरण त्यात आढळलं नाही. शिवाय अधूनमधून सेवन करणारा, ज्याला व्यसन जडलेलंच नाही, त्याला या सवलतीत जागाच नाही. सर्वांत कमी आजारी असलेल्या माणसाला सुटकेचा मार्ग सर्वांत अरुंद, असा हा प्रकार आहे.

गुन्हा नाही, याचा अर्थ काय

या विषयावरचे निम्मे वाद दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे होतात. एक पर्याय परवानगीचा: सरकारने किंवा परवानाधारकाने पदार्थ उघड विकायचा, जसं टास्मॅक दारू विकतं. दुसरा पर्याय गुन्ह्यातून वगळण्याचा: पदार्थ बेकायदाच राहतो, विकणं, पिकवणं, वाहून नेणं हे सगळे गुन्हेच राहतात, सापडलेला माल जप्तही होतो; पण ज्याच्याकडे फक्त स्वतःपुरतं सापडलं, त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही, त्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद राहत नाही. या दुसऱ्या पर्यायात दुकान उघडत नाही, जाहिरात होत नाही. आपण इथे फक्त या दुसऱ्या पर्यायाबद्दल बोलत आहोत.

पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून हे केलं. नव्वदच्या दशकाअखेर त्या छोट्या देशात शंभर माणसांमागे सुमारे एक हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. नव्या कायद्यानुसार एका माणसाला दहा दिवस पुरेल इतका पदार्थ सापडला तर पोलीस तो जप्त करतात आणि त्या माणसाला तीन जणांच्या एका समितीपुढे हजर राहायला सांगतात. समितीत कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसं असतात. ती पाहतात की हा अधूनमधून घेणारा आहे की व्यसनी. पहिल्याला समज देऊन सोडतात, दुसऱ्याला उपचार सुचवतात. गरज पडली तर दंड किंवा काही निर्बंधही घालतात. पुढच्या वर्षांत सुयांमधून पसरणारा एचआयव्ही झपाट्याने उतरला आणि तुरुंगातल्या कैद्यांमध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. सेवनाचा स्फोट होईल अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. पुढे आर्थिक मंदीनंतर तिथल्या उपचारसेवांचा पैसा आटला, तेव्हा पोर्तोसारख्या शहरांत रस्त्यावरचं सेवन पुन्हा डोळ्यांत भरू लागलं. यश समित्यांच्या मागे उभ्या असलेल्या उपचारयंत्रणेचं होतं, हे त्यावरून दिसतं.

चेन्नईला ठाऊक असलेली गोष्ट

भारतातल्या पहिल्या एचआयव्ही रुग्णांचं निदान १९८६ मध्ये चेन्नईत झालं. ते करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले. ते मिळाले कुठे? पोलिसांनी पकडून सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांकडून. शहरात मोकळ्या फिरणाऱ्या स्त्रियांना शोधणं अवघड होतं, कारण ओळख पटली की अटक, हे त्या जाणून होत्या. सॉलोमन यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं, वायआरजी केअर या नावाने ते ओळखलं जातं. रुग्ण आपल्यापर्यंत यायचा तर त्याला आपली भीती वाटता कामा नये, हे या केंद्राच्या कामाचं मूळ होतं.

पुढे याच केंद्राने सुई टोचून नशा करणाऱ्यांकडे लक्ष वळवलं. चेन्नईत ऐंशीच्या दशकात हेरॉइन आलं, लोक ते आधी धूर ओढून घेत. नव्वदच्या दशकात ते महाग आणि दुर्मिळ होऊ लागलं, तशी अनेकांनी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाची वाट धरली आणि ते शिरेत टोचून घेऊ लागले. पुरवठा आवळला गेला, पण नशा थांबली नाही. उलट ओढण्यावरून टोचण्यावर आली, म्हणजे अधिक धोकादायक झाली. सुई जवळ सापडणं हाच पोलिसांसाठी पुरावा, म्हणून सुई कोणी बाळगत नसे. जी मिळेल ती चार जण वापरत. २००५-०६ मध्ये केंद्राने शहरातल्या हजाराहून अधिक टोचणाऱ्यांची नोंद केली. त्यांतल्या जवळपास चौघांमागे एकाला एचआयव्ही होता आणि निम्म्याहून अधिकांना हेपटायटिस सी. त्या काळी देशाच्या प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत होतं. शिक्षेच्या भीतीने माणूस नशा सोडत नाही, तो सुई लपवतो आणि दवाखाना टाळतो. या आकड्यांमागचं एक मोठं कारण तेच आहे.

याच ब्युप्रेनॉर्फिनचं दुसरं रूप उपचारात वापरलं जातं, आणि ते कसं चालतं हे पाहण्यासारखं आहे. हेरॉइन मेंदूतल्या ठरावीक जागांना चिकटतं, झटकन नशा देतं आणि काही तासांत उतरतं. उतरलं की अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, थरथर सुरू होते. सवय जडलेला माणूस पुढची मात्रा मौजेसाठी घेत नाही, या त्रासातून सुटण्यासाठी घेतो. तिच्यासाठी पैसे हवेत, म्हणून चोरीही होते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी त्याच जागांना चिकटते, पण तिचा परिणाम संथ, अर्धवट आणि दीर्घ असतो. रोज दवाखान्यात परिचारिकेसमोर ती जिभेखाली ठेवली की त्रास होत नाही, झिंगही फारशी येत नाही, आणि वर हेरॉइन घेतलं तरी त्याला चिकटायला जागा उरत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने आपल्या तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे २००७ नंतर, ही पद्धत स्वीकारली आणि स्वच्छ सुया देण्याची सोयही केली. एकच औषध चोरून टोचलं तर रोग पसरवतं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलं तर माणसाला उभं करतं.

एका पदार्थाचा पुरवठा आवळला की दुसऱ्याची वाट धरणं आजही चालू आहे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक केंद्र सरकारने २०१८ मध्ये एनडीपीएसच्या यादीत घातलं. आता चेन्नईत टॅपेन्टाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाच्या गोळ्या विनाचिठ्ठी विकताना लोक पकडले जातात. काही तरुण त्या कुटून, पाण्यात विरघळवून टोचून घेतात. ही गोळी यादीत नाही, म्हणून तिलाही आत घ्यावं अशी मागणी आहे. ती घेतली तरी यादी कधी संपणार, हा प्रश्न उरतोच.

लोकमत कठोर का असतं

तामिळनाडू पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरपासून गांजाविरोधी मोहिमांची मालिका चालवली. ११ ऑगस्ट २०२२ रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी नशामुक्त तामिळनाडूची मोहीम सुरू केली आणि शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी शपथ घेतली. राज्याच्या १९८२ च्या ‘गुंडा’ कायद्यात अमली पदार्थांच्या विक्रेत्याला खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद आहे, आणि चेन्नईत ती वापरली जाते. या कारवायांना लोकांचा पाठिंबा असतो, आणि त्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं चुकीचं आहे. शाळेच्या फाटकाबाहेर गोळ्या विकल्या जात असतील, तर आईबापांना पोलीस हवेच असतात.

पण त्याच आईबापांचं दुसरं मतही असतं, आणि ते सहसा उघड बोललं जात नाही. आपला मुलगा सापडला तर तो तुरुंगात जाऊ नये, त्याला डॉक्टर मिळावा, नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची नोंद येऊ नये, असंच त्यांना वाटतं. ‘गर्दुल्ला’ म्हणून आपण ज्याला हिणवतो, तो नेहमी दुसऱ्याच्या घरातला असतो. २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणात जवळ काहीच न सापडलेल्या एका प्रसिद्ध घरातल्या तरुणाला तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत राहावं लागलं, तेव्हा मध्यमवर्गाला या कायद्याची धार जाणवली. दंडाधिकाऱ्यांसमोर रोज कबुली देणाऱ्या हमालाबद्दल अशी चर्चा झाली नव्हती. म्हणजे मत बदलतं ते पदार्थ पाहून नव्हे, माणूस पाहून.

हे मत मुळापासून बदलता येतं, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. चेन्नईत १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने व्यसनोपचाराचं काम सुरू केलं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने ‘मुक्तांगण’ उभं केलं. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य आज मराठी घरांत परकं वाटत नाही, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. समाजाने आजार म्हणून स्वीकारलेली गोष्ट कायदा अजून गुन्हा म्हणून नोंदवतो आहे.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप तामिळनाडूत सर्वांत जोरकस आहे: दारूनेच घरं मोडली, आता आणखी एक नशा कशाला? जून २०२४ मध्ये कल्लकुरिची इथे मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने साठहून अधिक माणसं मेली, आणि ती राज्याची दुकानं उघडी असतानाच. पण या आक्षेपाचा रोख विक्रीवर आहे. राज्याने महसुलासाठी नशा विकू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. गांजाची टास्मॅक नको. सेवनाचा गुन्हा काढल्याने दुकान येत नाही. आणि दारूचा अनुभव आणखी एक गोष्ट सांगतो. दारू पिऊन यकृत खराब झालेला माणूस निर्धास्त सरकारी इस्पितळात जातो, कारण तिथे त्याला कोणी बेड्या घालणार नाही. सुई टोचणारा जात नाही.

दुसरा आक्षेप गांजा निरुपद्रवी नाही, हा. तो खरा आहे. किशोरवयात नियमित गांजा ओढल्याने स्मरणशक्ती आणि अभ्यासावर परिणाम होतो, काहींना मानसिक आजाराचा धोका वाढतो, काहींना व्यसन जडतं. पण सतरा वर्षांच्या मुलाचं हे नुकसान थांबवायला अटक हे कोणत्या प्रकारचं औषध आहे? समुपदेशकाला तो खरं सांगेल तेव्हाच उपचार सुरू होतील, आणि सांगण्याचा परिणाम गुन्हा असेल तर तो सांगणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: फेरीवाला विक्रेता खिशात मर्यादेच्या आतलाच माल ठेवील आणि सेवनासाठी आहे म्हणेल. आपली गांजाची एक किलोची अल्प मर्यादा पाहता ही शंका रास्त आहे. एक किलो हा एका माणसाचा खुराक नव्हे. पोर्तुगालने गांजासाठी २५ ग्रॅम आणि हेरॉइनसाठी एक ग्रॅम धरलं. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून गांजाच्या बाबतीत घराबाहेर २५ ग्रॅमचीच मुभा दिली. सेवनाचा गुन्हा काढायचा असेल तर ‘स्वतःपुरतं’ याची मर्यादा आजच्यापेक्षा खूप खाली आणावी लागेल, आणि वजनकाटा, सुट्या पुड्या, रोख रक्कम असा विक्रीचा पुरावा असेल तिथे वजन कमी असूनही खटला चालावा. सुधारणा म्हणजे सगळीकडे ढिलाई नव्हे, हे इथे स्पष्ट होतं.

चौथा आक्षेप ऑरेगॉनचा. अमेरिकेतल्या या राज्याने २०२० मध्ये मतदानाने सेवन गुन्ह्यातून वगळलं. फेब्रुवारी २०२१ पासून पकडलेल्याला १०० डॉलरची नोटीस मिळे आणि मदतक्रमांकावर फोन केला की दंड माफ. फोन करणारे अगदी थोडे निघाले. उपचारांसाठीचा निधी पोहोचायला उशीर झाला. त्याच काळात फेंटानिल नावाचं अतिशय जहाल रसायन पश्चिम किनाऱ्यावर पसरलं आणि मृत्यू वाढले. लोक संतापले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून सेवन पुन्हा गुन्हा झालं. मृत्यूंचा किती दोष कायद्याचा आणि किती फेंटानिलचा, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण एका गोष्टीवर मतभेद नाही: नोटीस हातात देऊन माणसाला सोडून देणं म्हणजे उपचार नव्हे. पोर्तुगालमध्ये समितीपुढे जावं लागतं, तिथे समोर माणूस बसलेला असतो. भारताने यातून घ्यायचा धडा क्रमाचा आहे. ‘एम्स’च्या पाहणीनुसार बेकायदा पदार्थांचं व्यसन जडलेल्या वीस जणांतल्या एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. एकोणीस जणांसाठी खाटा, गोळ्या आणि समुपदेशक नसतील, तर गुन्हा काढून टाकणं ऑरेगॉनची पुनरावृत्ती ठरेल.

| थोडक्यात |
|---|
| • सेवन गुन्ह्यातून वगळणं म्हणजे विक्रीला परवानगी नव्हे. विकणं, पिकवणं, वाहतूक हे गुन्हेच राहतात. |
| • एनडीपीएसखालचे निम्म्याहून अधिक गुन्हे सेवनासाठी जवळ बाळगल्याचे असतात. |
| • कलम ६४अ आणि ३९ मध्ये उपचाराची सोय आहे, पण ती आरोप झाल्यानंतर किंवा दोषी ठरल्यानंतरच मिळते. |
| • अटकेच्या भीतीने सुया लपतात, दवाखाने टाळले जातात; चेन्नईत एचआयव्ही आणि हेपटायटिस सी पसरण्यात याचा वाटा होता. |
| • पोर्तुगालचं यश उपचारांच्या जोरावर होतं. ऑरेगॉनचं अपयश उपचार उभे नसल्यामुळे वाढलं. |

मग करायचं काय

बदलाची चाहूल दिल्लीतही लागून गेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणातलं वैयक्तिक सेवन गुन्हा मानू नये असं सुचवल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षाअखेर संसदेत आलेल्या दुरुस्तीने मात्र २०१४ मधली मसुद्याची एक चूकच फक्त सुधारली. मूळ प्रश्न तिथेच राहिला.

करायच्या गोष्टी चार आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार आणि समुपदेशक आधी उपलब्ध व्हावेत. मग जिल्ह्याजिल्ह्यांत डॉक्टर, समुपदेशक आणि विधी अधिकारी यांची समिती बसवून सेवनाची प्रकरणं पोलीस ठाण्याऐवजी तिथे जावीत. त्यानंतर कलम २७ आणि स्वतःपुरतं बाळगण्याचा गुन्हा रद्द करून ‘स्वतःपुरतं’ याची मर्यादा खाली आणावी आणि ती मोजताना भेसळ वगळावी. शेवटी, पोलिसांचं काम सेवनाच्या गुन्ह्यांच्या संख्येवर न मोजता व्यापाऱ्यांच्या सिद्ध झालेल्या खटल्यांवर मोजावं. आंध्र-ओडिशा सीमेवरून चेन्नईत गांजा आणणाऱ्या टोळ्यांना यातून सूट मिळणार नाही. उलट पुड्या गोळा करण्यात जाणारा पोलिसांचा वेळ त्यांच्या मागावर जाईल.

वाचकाला एवढीच विनंती की या विषयावर मत बनवताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या घरातलं कोणी यात सापडलं तर त्याला आपण आधी कुठे नेऊ, डॉक्टरकडे की ठाण्यात? जे उत्तर आपल्या माणसासाठी योग्य वाटतं, तेच पुलाखालच्या माणसासाठीही मागावं, आणि कायदा बदलण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात व्यसनोपचाराची सोय आहे का, हे आपल्या आमदाराला विचारावं.